सीतीची आई

बहारीनमध्ये तिला सगळे फातिमा म्हणत. ते तिचं नाव नव्हतं. अबू सालेहच्या घरी तिच्या आधी जी बाई कामाला होती तिचं नाव फातिमा होतं, म्हणून हिलाही तेच चिकटवलं. नवं नाव जिभेवर बसवायची तसदी कुणी घेतली नाही. तिच्या गावातही तिला नावानं कुणी हाक मारत नसे, पण त्याचं कारण वेगळं होतं. तिकडे पहिलं मूल झालं की बाई त्या मुलाच्या नावानं ओळखली जाते. तिची मुलगी सीती, म्हणून ती ‘इनाक सीती’, सीतीची आई. हे तिनं सांगितलं तेव्हा अम्मी हसून म्हणाली, "मग आपल्यासारखंच की गो. मला तरी नसीमची आई सोडून कोण काय म्हणतं?" त्या दिवसापासून आमच्या दोन खोल्यांपुरती ती सीतीची आई झाली. आईबापांनी ठेवलेलं नाव मी तिला कधी विचारलंच नाही. आज ते ठाऊक असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. पण वाटून काय उपयोग.

आम्ही बुदैयाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका जुन्या वस्तीत राहत होतो. पुढे खजुराच्या बागा, मागे नव्या व्हिलांची बांधकामं, आणि मध्ये अबू सालेहचं जुनं घर. तो स्वतः दोन गल्ल्या सोडून मोठ्या घरात राहायला गेला होता आणि हे घर त्यानं अब्बांना राहायला दिलं होतं. अब्बा त्याच्या बांधकामसामानाच्या गुदामात स्टोअरकीपर होते. अबू सालेह आमचा कफील. म्हणजे अब्बांचा व्हिसा त्याच्या नावावर, आमचं छप्पर त्याचं, आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. माणूस वाईट नव्हता. हे वाक्य अब्बा आयुष्यभर म्हणत आले आणि मीही लिहिताना तेच लिहिते आहे, यावरून सवय किती खोल जाते ते कळतं. कुवेतच्या लढाईच्या वेळी खिडक्यांच्या काचांवर लावलेल्या चिकटपट्ट्यांचे डाग अजून निघाले नव्हते. खिडकीतला एसी दिवसभर खडखडत असे, आणि त्याच्या वर आवाज काढायचा म्हणून की काय, अम्मीचं शिलाई मशीन चाले. अम्मी अबू सालेहच्या बायकोचे, उम्म सालेहचे, आणि तिच्या बहिणींचे घरात घालायचे पायघोळ झगे शिवत असे. कापड घेऊन येणं आणि शिवलेलं घेऊन जाणं, हे सीतीच्या आईचं काम. त्या निमित्तानं दुपारी, उम्म सालेह झोपलेली असताना, तिला आमच्याकडे तास-दीड तास मिळे.

पहिल्यांदा आली तेव्हा कापडाचं गाठोडं उंबऱ्यातच टाकून ती अंगणाच्या भिंतीकडे धावली. तिथं अम्मीनं दापोलीहून आणलेल्या फांदीचं शेवग्याचं झाड झालं होतं. "केलोर! केलोर!" ती ओरडत होती. एक डहाळी ओरबाडून तिनं पानं नाकाला लावली, मग थोडी तशीच चावून खाल्ली. अम्मी घाबरली, हिला वेडबिड लागलंय की काय. मग तिनं मोडक्या अरबीत सांगितलं की तिच्या गावात हे झाड प्रत्येक कुंपणाला असतं आणि भात नसला तरी हा पाला असतोच. मी गल्लीतल्या पोरींबरोबर खेळून अरबी शिकले होते, म्हणून त्या दोघींच्या मध्ये बोलायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या खेपेला तिनं त्या पाल्याचं पातळ कालवण केलं: पाणी, पाला, चेचलेली मिरची, आणि तिच्याकडच्या कसल्याशा आंबवलेल्या कोळंबीच्या गोळ्याऐवजी अम्मीचा सुका जवळा. अम्मीनं तांदळाची भाकरी मोडून त्यात बुडवली आणि म्हणाली, "ही बाई आमच्या गावची निघायची." मला ते कालवण कडवट लागलं. पण मी ताट पुसून खाल्लं, कारण त्याच्याबरोबर गोष्टी यायच्या.

तिचं गाव लोम्बोक नावाच्या बेटाच्या दक्षिणेला डोंगरात होतं. बाजाराच्या गावापर्यंत ट्रक जायचा. तिथून पुढे तीन तास पायी, दोनदा तोच ओढा ओलांडून. पावसात ओढा भरला की गाव जगापासून तुटे. आजारी पडायचं तर त्याआधी पडावं, असं ती म्हणे. घरं बांबूची, गवतानं शाकारलेली. दार इतकं बुटकं की आत जाणारा कुणीही असो, वाकलाच पाहिजे. जमीन म्हशीच्या शेणानं सारवलेली. हे ऐकून अम्मीनं मशीन थांबवलं. "शेणानं? तिकडंसुद्धा?" आणि मग दोघी किती वेळ शेण कसं कालवायचं, हात कसा फिरवायचा यावर बोलत राहिल्या. मी तर्जुमा करत होते आणि माझी मान शरमेनं खाली जात होती. माझ्या शाळेत कुणाला कळलं असतं की माझी आई शेणावर बोलते, तर मी मेलेच असते. आम्ही इंग्रजी शाळेतल्या मुली. घरी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायचो.

घराच्या आतल्या भागात मुली झोपत, बाप्ये बाहेर ओसरीवर. मुलीला हातमागावर कापड विणता आल्याशिवाय तिचं लग्न होत नसे. त्यामुळे सकाळपासून गावभर एकच आवाज, लाकडावर लाकूड आपटल्याचा; तो ती जिभेनं टाळ्याला लावून काढून दाखवी. तिची आई पान चघळत विणायची आणि आता डोळे गेले होते तरी बोटांनी धागा ओळखायची. भात वर्षातून एकदाच, तोही पाऊस पडला तर. घराशेजारी खांबांवर उचललेलं भाताचं कोठार असे, आणि ते रिकामं झालं की उपासाचे महिने सुरू होत. तेव्हा वाळवलेला कंद कुटून त्याचा भातासारखा चुरा करायचे. पाण्याचं एकच तळं. वरच्या अंगाला बायका घागरी भरत, खालच्या अंगाला म्हशी बसत, आणि उन्हाळ्याच्या शेवटी वरचं-खालचं असं काही उरतच नसे. तिचा धाकटा मुलगा त्या पाण्यानंच गेला. हगवण लागली, तेव्हा त्याला झोळीत घालून बाजारगावच्या दवाखान्यात न्यायला निघाले. पहिला ओढा ओलांडला, दुसऱ्याला परत फिरले. एवढंच तिनं सांगितलं. मी विचारलं, "परत का फिरले?" अम्मीनं माझ्या हातावर चापट मारली.

पण ती नेहमी रडगाणं गात नसे. वर्षातून एकदा सगळं गाव डोंगर उतरून समुद्रावर जाई. त्या पहाटे पाण्यावर हिरव्या-तांबड्या बारीक अळ्या तरंगून येतात; पोरंपोरी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्या जाळ्यांनी उचलतात, केळीच्या पानात भाजून खातात, उरलेल्या शेतात टाकतात. मी "शी" म्हटलं. अम्मी म्हणाली, "शी काय? जवळा खातेस तो काय झाडाला लागतो?" सीतीच्या आईला ते समजावून सांगितल्यावर ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्या समुद्रावरच तिला तिच्या नवऱ्यानं पाहिलं आणि रिवाजाप्रमाणे पळवून नेऊन लग्न केलं होतं. तो पुढे मलेशियात मळ्यावर कामाला गेला. आधी दोनदा निरोप आला, मग काही नाही. मग गावात एजंट आला, उंच इमारतींचे फोटो घेऊन. कागदावर तिनं अंगठा दिला. सीतीला आंधळ्या आजीपाशी ठेवून ती निघाली तेव्हा सीती अकरा वर्षांची होती, मीही तेव्हा अकराचीच. म्हणून ती माझ्या वेण्या घालायची. खूप घट्ट घालायची, कपाळ ताणलं जायचं, पण मी बोलत नसे.

मध्यंतरी भाच्यानं त्याच्या फोनवर मला लोम्बोक दाखवलं. निळा समुद्र, पांढरी वाळू, आरामखुर्च्या, उन्हात पडलेली गोरी माणसं. मी म्हटलं, हे नव्हे. तो म्हणाला, हेच आहे, नाव वाच. मी बराच वेळ बोटानं तो नकाशा सरकवत राहिले. डोंगर हिरवा दिसत होता. कुठं तळं असेल तर ते दिसलं नाही.

त्या गावात टपाल पोचत नसे आणि पोचलं तरी वाचणार कोण. म्हणून निरोप कॅसेटमध्ये भरून यायचे, कुणा नव्या येणाऱ्या बाईबरोबर. आमच्या गल्लीच्या टोकाला एका घरी मरियानी नावाची मुलगी कामाला आली, ती सीतीच्या आईच्याच शेजारच्या गावची. तिनं आणलेली कॅसेट सीतीच्या आईनं कापडाच्या घडीत लपवून आमच्याकडे आणली. अब्बांच्या टू-इन-वनवर मी ती लावली. आधी नुसता कोंबडा आरवत होता. मग म्हातारीचा खोकला, मागाचा तो आवाज, कुणीतरी लांबून कुणालातरी हाक मारतंय. म्हातारी थांबून थांबून बोलत होती. सीतीची आई मान डोलावत, जणू समोर बसून ऐकतेय अशी, "हं, हं" करत होती. मग एका मुलीचा आवाज आला. पाठ केल्यासारखं, भरभर. सीतीच्या आईची मान थांबली. तिनं मला खूण केली, परत लाव. मी मागं नेऊन परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा अम्मी मशीनवरून उठून तिच्याशेजारी येऊन बसली.

"काय म्हणते गो सीती?"

यंदा पाऊस आला नव्हता. तळं तळाला गेलं होतं. एजंट परत आला होता. आजीनं हो म्हटलं होतं. सीतीच्या कागदावर वय वीस लावलं होतं आणि आधी राजधानीत दोन महिने घरकाम शिकवून मग तिला सौदीत पाठवणार होते. मुलगी शेवटी म्हणत होती, "आई, तू काळजी करू नकोस, मला इस्त्री येते."

सीतीच्या आईची तेव्हा दोन वर्षं पुरी झाली होती. करार संपला होता. त्याच दिवशी संध्याकाळी तिनं उम्म सालेहकडे, सीती निघायच्या आत गावी परत जायची परवानगी मागितली. उम्म सालेह म्हणाली, रमजान जाऊ दे, इंशाल्ला. रमजान गेला. मग म्हणाली, सालेहचं लग्न आहे, पाहुणे येणार, एवढं लग्न होऊ दे, इंशाल्ला. ती हे कधी रागावून म्हणत नसे. तिचा हात हातात घेऊन म्हणे. पासपोर्ट कपाटात होता आणि कपाटाची किल्ली उम्म सालेहच्या कमरेला. सीतीची आई आमच्याकडे येऊन अब्बांसमोर खाली बसली आणि त्यांचे पाय धरायला गेली. अब्बा दचकून मागं सरले. ते म्हणाले, "बाई, मी काय करणार? माझं सगळं त्याच्याच हातात आहे." त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. ती गेल्यावर ते जेवले नाहीत.

आणि एका बुधवारी दुपारी ती कापड घेऊन आली ती परत गेलीच नाही. मागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथं तांदळाच्या गोणी आणि जुने पलंग होते, तिथं जाऊन बसली. अम्मीनं तिला पाणी नेऊन दिलं. अब्बा कामावरून आले, त्यांनी ते पाहिलं, आणि कितीतरी वेळ अंगणातल्या नळावर हात धूत राहिले. मला वाटलं, आता तिला घालवतील. पण ते आत येऊन हलक्या आवाजात अम्मीला म्हणाले, "शुक्रवारी सकाळी मी हिला डॉल्फीनबाईंकडे नेतो." डॉल्फीनबाई म्हणजे वसईच्या एक नर्स, अब्बांच्या ओळखीच्या. अडकलेल्या बायकांना घरी पाठवायची काहीतरी वाट त्या काढतात असं आम्ही ऐकून होतो. दोनच दिवस काढायचे होते. अब्बांनी मला जवळ बोलावलं. "नसीम, कुणालाही सांगायचं नाही. शाळेतही नाही." मी मान हलवली. गोष्टीतल्यासारखं काहीतरी आपल्या घरात घडतंय, याचा मला आनंदच झाला होता. हे आता लपवून कशाला ठेवू.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर अबू सालेह आणि उम्म सालेह दोघंही आले. गाडी दाराशी थांबल्याचा आवाज आला आणि अम्मीनं मशीन सुरू केलं, हातात कापड नसताना. अब्बांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला. अबू सालेहनं चहाला हात लावला नाही.

"करीम," तो म्हणाला, "अकरा वर्षं तू माझ्याकडे आहेस. तू एकदा मला सांग की फातिमा कुठं आहे ते तुला माहीत नाही. मी उठतो आणि जातो. दुसऱ्यांदा विचारणार नाही."

अब्बा उभेच होते. मी त्यांच्याकडे बघत होते. कफीलसमोर ते नेहमी थोडे वाकलेले असत, डोकं एका बाजूला. त्या दिवशी मात्र सरळ होते. ते म्हणाले, "मला माहीत नाही, अबू सालेह."

अबू सालेह खरोखर उठला. मला हे नक्की आठवतं, यात माझी चूक होत नाही. तो उठला होता, त्यानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला होता. पण उम्म सालेह बसूनच राहिली. तिनं मला जवळ ओढलं, माझी वेणी हातात घेतली. तिच्या अंगाला ऊदाचा वास येत होता. "बिन्ती, माझ्या लेकी," ती म्हणाली, "तू मोठी झालीस. तू शहाणी आहेस, तू शिकतेस. तिला कुणी मारणार नाही. ती परक्या शहरात कुठं भटकेल, पोलीस पकडतील. मला सापडली की मी तिला तिच्या लेकीकडे पाठवते, मी स्वतः तिकीट काढते. तुला माहीत आहे का ती कुठं आहे?"

ती बाई आजवर माझ्याशी कधी चार वाक्यं सलग बोलली नव्हती. मोठ्या माणसाशी बोलावं तशी ती माझ्याशी बोलत होती, आणि माझ्याच उत्तरावर सगळं अडलंय अशी सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मला तिचं खरं वाटलं का? वाटलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. थोडं वाटलं असेलही. पण जास्त खरं हे की मला ते उत्तर माहीत होतं, आणि माहीत असलेलं उत्तर वर्गात हात वर करून देणारी मी मुलगी होते.

"आत आहे," मी म्हणाले.

मशीन थांबलं. कुणाला आत जावंच लागलं नाही; तिनं सगळं ऐकलं होतं, ती आपणच बाहेर आली. काळा अबाया घातलेला, हातात चपला. तिनं अम्मीकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं, आणि अरबीत म्हणाली, "माफ करा." माझ्याकडे पाहिलं नाही. उम्म सालेहनं उठून तिची डोक्यावरची घसरलेली ओढणी सारखी केली, अगदी मायेनं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला गाडीकडे घेऊन गेली. अबू सालेह दारात थांबला. "करीम," एवढंच म्हणाला. अब्बा जमिनीकडे बघत होते. परत वाकलेले.

ते गेल्यावर अम्मी म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं गो बोलायला?"

"तिनं मला विचारलं."

"विचारलं म्हणून बोलायचं?" अम्मीनं हात उचलला, पण मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

अब्बांची नोकरी गेली नाही. अबू सालेहनं फक्त गुदामाच्या किल्ल्या परत घेतल्या आणि त्यांना बाहेर यार्डात, सिमेंटच्या गोणी मोजायला उन्हात उभं केलं. पुढची नऊ वर्षं ते तिथंच उभे होते. त्यांच्या मानेवरची कातडी भाजून काळी-जाड झाली, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. उम्म सालेहनं ईदला मला एक ड्रेस पाठवला, निळा, मोतीकाम केलेला. अम्मीनं तो पेटीवर ठेवून दिला, घाल म्हणाली नाही, घालू नको म्हणाली नाही. मी घातला. शाळेतल्या मैत्रिणींना आवडला.

सीतीच्या आईला त्यांनी घरी पाठवलं नाही. लांब रिफा गावी उम्म सालेहच्या बहिणीकडे ठेवलं. तिथं घराची भिंत उंच होती आणि दुपारी कापड घेऊन कुठं जायचं नव्हतं. हे मला मरियानीनं सांगितलं, कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानात, खुबूसच्या रोट्या घेताना भेटली तेव्हा. पुढे दोन वर्षांनी तीच म्हणाली की सीतीची आई गावी गेली. मी घाईघाईनं विचारलं, "मग सीती?" मरियानीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिची आई आमच्याकडे पळून आली त्यानंतर महिन्याभरानं सीती निघाली होती. जेद्दाला. त्यानंतर तिची एक कॅसेट आली होती, मग खलास, काही नाही. आजी वारली होती. सीतीची आई घरी पोचली तेव्हा घराला वाकून आत जायचं दार होतं, आत कुणी नव्हतं. मरियानी हे सगळं भाज्यांच्या किमती सांगाव्यात तसं सांगत होती. तिच्या गावात अशी घरं पुष्कळ असावीत.

अब्बा शेवटची तीन वर्षं दापोलीला अंथरुणावर होते. मी जाऊन-येऊन असायची. एका दुपारी त्यांना पाणी पाजताना मी विचारलं. इतकी वर्षं घरात त्यावर कुणी शब्द काढला नव्हता. म्हटलं, "अब्बा, तुम्ही तेव्हा खोटं का बोललात? तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की," ते म्हणाले. "पण म्हटलं, बघू तरी, आपल्याला त्याच्यासमोर सरळ उभं राहता येतं का."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ते थांब म्हणाल्यासारखा हात हलवून पाणी गिळत राहिले. मग ग्लास माझ्याकडे दिला.

"दोन मिनिटं राहता आलं," म्हणाले, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.